धूप घालूनही घरात कुबट वास? या चुका टाळा

धूप घातला की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि तासाभराने कुबट वास पुन्हा हजर, अशी तक्रार असेल तर ऊद बदलून फारसा फरक पडत नाही. दोष बहुतेकदा दोन ठिकाणी असतो. एक तर निखारा नीट फुललेला नसतो, नाहीतर वासाचं मूळ जागचं हललेलं नसतं.

निखारा फुलायच्या आधीच ऊद टाकणं

अर्धवट पेटलेला कोळसा स्वतःच धूर सोडत असतो आणि त्या धुराला सुगंध नसतो. कोळसा लाकडीच घ्यावा; दगडी कोळशाचा धूर गंधकाचा असतो, तो घरात नको. लिंबाएवढा एक तुकडा पुरतो. वांगं भाजायच्या जाळीवर मध्यम आचेवर तो पाच-सात मिनिटं ठेवावा आणि मध्ये एकदा चिमट्याने उलटावा. सगळीकडून लाल होऊन वर करडी राख धरली की निखारा तयार झाला. करवंटीचा निखारा झकास होतो, पण पेटताना ठिणग्या उडवतो, तेव्हा पदर आणि ओढणी सांभाळून.

गोवरीचं (कुणाकडे तिला शेणी म्हणतात) गणित वेगळं आहे. सुरुवातीची दहा मिनिटं ती नुसता धूर ओकते. ती गॅलरीत किंवा अंगणात पेटवून, ज्वाळ विझून लाल झाल्यावरच आत आणावी. काडी लावताच पेटणाऱ्या गोल कोळशाच्या वड्यांमध्ये सोरा मिसळलेला असतो. त्या पेटताना तडतडतात आणि उग्र वास सोडतात. तडतड थांबून वर राख येईपर्यंत त्यांच्यावर काही टाकू नये.

धुपाटण्याच्या तळाशी दोन बोटं राख किंवा कोरडी वाळू हवी. ती नसेल तर भांडं तापतं, दांडा धरवत नाही आणि खाली ठेवलेल्या लाकडी पाटावर काळा गोल उमटतो. सांब्राणीचे तयार कप शेवटी बुडापर्यंत जळतात, त्यामुळे तेही काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या ताटलीत न ठेवता राख घातलेल्या धातूच्या वाटीत ठेवावेत.

मूठभर ऊद एकदम

ऊद, राळ, गुग्गुळ हे सगळे झाडांचे डिंक. ते जळायला नको असतात, वितळून त्यांची वाफ व्हायला हवी असते. लालबुंद निखाऱ्यावर थेट टाकले की पेट घेतात आणि काळा, तिखट धूर येतो. म्हणून निखाऱ्यावर चिमूटभर राख भुरभुरावी आणि तिच्यावर हरभऱ्याएवढे दोन-तीन खडे ठेवावेत. पांढरा, संथ धूर निघाला म्हणजे जमलं. दहा बाय बाराच्या खोलीला एवढं एकदाच पुरे. पुन्हा घालायचं असेल तर आधीची काळी खरपुडी चिमट्याने काढून टाकावी, कारण तिच्याखाली निखारा गुदमरतो.

राळेची पूड विस्तवावर फेकणं तर साफ टाळावं. दशावतारात राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळ उडवतात तेव्हा केवढा भडका होतो हे पाहिलेल्यांना कारण सांगायला नको. स्वयंपाकघरातल्या पडद्यापाशी तोच खेळ होतो.

मिश्रण घरी करायचं असेल तर दोन भाग ऊद, एक भाग राळ, एक भाग गुग्गुळ आणि त्यात अर्धा भाग नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा यांचा जाडसर चुरा घालावा. मिक्सरमध्ये डिंक तापून पात्याला चिकटतो आणि मग मिक्सरचं भांडं कायमचं देवघराच्या मालकीचं होतं. खडे अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून खलबत्त्यात कुटावेत. पीठ करू नये, रव्याएवढे कण बरे. गुग्गुळ मुळातच चिकट असतो, तो चिमटीने तोडून शेवटी मिसळावा.

वासाचं मूळ न शोधता धूप

सगळ्यात जास्त धूप याच चुकीपायी वाया जातो. धूर वास काढत नाही, त्याच्यावर पांघरूण घालतो. गणपतीला चाकरमानी कोकणातलं बंद घर उघडतात तेव्हा हे लख्ख कळतं: पहिल्या संध्याकाळी धूप घातला की घर देवळासारखं वाटतं, आणि सकाळी उठावं तर ओल, बुरशी आणि उदाचा शिळा धूर यांचा मिळून तिसराच वास आलेला असतो.

बंद घराचा क्रम असा ठेवावा. पुढचं आणि मागचं दार समोरासमोर उघडून निदान दोन तास वारा खेळू द्यावा. मग मोरी, बाथरूम आणि संडास यांच्या प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतावं. जाळीखालच्या वाकड्या नळीत एरवी पाणी साचलेलं असतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की ते आटतं. ‘घराला कसलासा वास येतो’ या तक्रारीचं कारण पुष्कळदा एवढंच निघतं आणि ते फुकटात सुटतं.

त्यानंतर बुरशी. ती कोरड्या झाडूने झाडली की तिचे कण घरभर उडतात. नाकाला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी आणि जागा पूर्ण वाळवावी. धुराने बुरशी जाते हा समज सोडून द्यावा. भिंत ओलीच राहिली तर आठवड्यात ती परत येते. गाद्या, उशा, चटया ऊन असेल तेव्हा बाहेर, नसेल तर पंख्याखाली उभ्या करून ठेवाव्यात. कपाटांची दारं उघडी टाकावीत आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं, कारण मागची ओल तिथेच अडकलेली असते. धुपाटणं फिरवायचं ते हे सगळं झाल्यावर.

शहरातल्या फ्लॅटमध्ये मूळ शोधायच्या जागा निराळ्या: एसीची जाळी, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे, सिंकखालचं कपाट, वॉशिंग मशिनच्या दाराचं रबर. गोडसर, कुजका वास एकाच कोपऱ्यात दिवसागणिक वाढत असेल तर माळ्यावर मेलेली पाल किंवा उंदीर शोधावा.

आणि एक वास असा आहे की तो आला तर उदबत्तीच काय, आगपेटीलाही हात लावू नये. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन घालतात. तो वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, विजेचं कुठलंच बटण चालू किंवा बंद करू नये आणि घराबाहेर जाऊन १९०६ वर फोन करावा.

खिडक्या बंद, एसी चालू

‘सुगंध बाहेर जाईल’ म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. पण निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो आणि त्याला ना रंग ना वास. निखारा असलेली खोली कधीही पूर्ण बंद नसावी. एक खिडकी वीतभर उघडी ठेवावी, पाच-सात मिनिटं धूप फिरवावा, मग धुपाटणं गॅलरीत न्यावं आणि सगळं उघडून पंधरा-वीस मिनिटं हवा खेळू द्यावी. खोलीत मागे उरतो तो मंद वासच खरा. डोळ्यांत पाणी येईपर्यंत धूर केला तर तो पडद्यांत आणि सोफ्यात बसतो आणि दोन दिवस जात नाही.

संध्याकाळी डास आत येतात म्हणून खिडकी उघडायची नसेल तर धूप दिवेलागणीच्या तासभर आधी उरकावा. कडुलिंबाच्या धुराने डास पांगतात, मरत नाहीत. पाला सावलीत चार-पाच दिवस वाळवूनच वापरावा. ओल्या पाल्याने घर धुरकटतं, एवढंच. कुंपणाची कण्हेर चुकूनही विस्तवात नको, तिचा धूर विषारी असतो. ‘डास पळवणाऱ्या’ स्वस्त अगरबत्त्यांबाबतही सावध राहावं. पुड्यावर कीटकनाशक नोंदणीचा क्रमांक नसेल तर आत नेमकं काय जळतंय ते कळायला मार्ग नाही.

परदेशातल्या आणि नव्या टॉवरमधल्या घरांत धुराचा अलार्म असतो. धूप घालताना त्याच्यावर प्लॅस्टिक बांधायची युक्ती फार चालते, आणि ते काढायचं हमखास विसरतं. त्याऐवजी धुपाटणं अलार्मपासून लांब, उघड्या खिडकीपाशी ठेवावं.

उदबत्ती विझते, काडी तशीच राहते

पावसाळ्यात हे होणारच. काडीवरचा मसाला हवेतली ओल ओढून घेतो. पुडा उघडल्यावर उदबत्त्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, तळाशी कोरड्या तांदळाची पुरचुंडी ठेवून भराव्यात. सर्द झालेल्या कडक उन्हात टाकल्या तर सुगंध उडतो. तासभर फ्रिजच्या वर किंवा दुसऱ्या कोमट जागी ठेवाव्यात. पेटवताना टोक पुरतं धरेपर्यंत आठ-दहा सेकंद ज्योतीत ठेवावं, मग हाताने वारा घालून ज्योत विझवावी. तोंडाने फुंकू नये हा घरातला दंडक इथे व्यवहारालाही धरून आहे, जोरात फुंकलं की पेटलेलं टोकच तुटून पडतं. पंख्याखाली उदबत्ती भरभर जळते आणि राख देवाच्या वस्त्रांवर उडते. उदबत्ती खोचायचं घर तिरकं असेल तर राख काडीच्या लांबीइतकी दूर पडू शकते, म्हणून खालची ताटली तेवढी लांब हवी.

एका खोलीत एका वेळी एक उदबत्ती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत एक ग्रॅम उदबत्ती जळताना सुमारे ४५ मिलिग्रॅम धूलिकण निघाले, सिगारेटच्या एका ग्रॅममागे सुमारे १०. बांबू जाळायचा नाही म्हणून जाड धूपकांडी वापरणाऱ्यांनी ती अर्धी मोडून लावावी, कारण तिचा धूर उदबत्तीपेक्षा जास्तच असतो. दम्याचा रुग्ण किंवा पिंजऱ्यातला पक्षी असेल त्या खोलीत यांपैकी काहीच नको.

बाळाला धुरी

न्हाऊ घातल्यावर ओवा, वावडिंग, वेखंड, ऊद, लसणाची सालं यांची धुरी देण्याची रीत अनेक घरांत अजून आहे. बाळाची श्वासनलिका फार अरुंद असते आणि धुराने तिला सूज येते. बालरोगतज्ज्ञ ही धुरी नको म्हणतात, आणि इथे आजीशी वाद घालावा लागला तरी घालावा. बाळाला ऊब हवी असेल तर खोली आधी गरम करावी. धुरी बाळ-बाळंतीण दुसऱ्या खोलीत असताना द्यावी आणि हवा मोकळी झाल्यावरच त्यांना आत आणावं. शेगडी बाजेखाली ठेवून दार लावून झोपणं तर जिवाशी खेळ आहे.

कापूर उघडा ठेवणं

कापूर न जळताही हवेत उडतो, म्हणून उघडी डबी महिन्याभरात रिकामी होते. घट्ट झाकण हाच उपाय. जळताना तो काजळी धरतो. देवघराच्या छतावरचा काळा डाग बहुतेकदा त्याचाच असतो, म्हणून आरती छताखालून पुढे घेऊन ओवाळावी. एक लहान वडी पुरते. वडी जळल्यावर मेणासारखा थर मागे राहिला तर ती भेसळीची समजावी. कपाटात ठेवायच्या वड्या कापडी पुरचुंडीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवाव्यात. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला थोड्या वेळात आकडी येऊ शकते. उलटी करवत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं.

काजळी आणि राख

भिंतीवरची काजळी ओल्या फडक्याने पुसली की पसरते. आधी कोरडा स्पंज किंवा कणकेचा घट्ट गोळा हलक्या हाताने दाबून ती उचलावी. ऑइलपेंट असेल तर मग साबणाचं पाणी, डिस्टेंपरला पाणी लावूच नये. पितळी धुपाटणं चिंच-मिठाने निघतं, डिंकाचा चिकट थर मात्र आधी गरम पाण्यात भिजवून खरवडावा.

राखेत झाकलेला निखारा वरून थंड दिसला तरी आत तासन्‌तास धगधगत असतो. तो प्लॅस्टिकच्या कचरापेटीत टाकू नये. पत्र्याच्या डब्यात ओतून, वर पाणी घालून, सकाळपर्यंत गॅलरीत ठेवावा आणि मगच ती राख कुंडीत किंवा कचऱ्यात टाकावी.