भाताच्या पानात स्प्लायसिंगची कळ कशी पाहावी

जनुकाच्या कच्च्या आरएनएतून इंट्रॉन नावाचे तुकडे कापून एक्झॉन नावाचे तुकडे जोडणं म्हणजे स्प्लायसिंग. सांगलीत एमएस्सीच्या मुलांना मी हा प्रयोग दरवर्षी करायला लावते. आरएनए नुसता निरोप पोचवत नाही, स्वतःच घडी घालून निर्णयही फिरवतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं असं मला फार वाटतं.

पिपेट हातात घेण्याआधी कागदावर बसा. टीएफ-थ्री-ए या प्रथिनाशिवाय पेशीत ५एस आरआरएनए (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा एक लहान आरएनए) तयार होत नाही. वनस्पतींत त्याच्या जनुकात एक जादा एक्झॉन असतो आणि त्यात ५एससारखी दिसणारी घडी, तिचं नाव पी५एसएम. २००९ साली ती उजेडात आली. रायबोसोमचं एल५ हे प्रथिन एरवी ५एसला धरतं. ५एस कमी पडला की मोकळं एल५ या नकलेला जाऊन चिकटतं, एक्झॉन वगळला जातो आणि टीएफ-थ्री-ए बनतं. ५एस भरपूर असला तर एल५ त्यातच गुंतलेलं. मग एक्झॉन आत राहतो, अवेळी स्टॉप कोडॉन (प्रथिन बनवणं थांबवण्याची खूण) येतो आणि पेशी तो संदेश मोडून टाकते.

म्हणून प्रायमर (पीसीआरने कोणता भाग वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) जादा एक्झॉनमध्ये बसवू नका. एक अलीकडच्या एक्झॉनवर, दुसरा पलीकडच्या. म्हणजे एकाच पीसीआरमध्ये आखूड (एक्झॉन वगळलेला) आणि लांब (एक्झॉनसकट) असे दोन्ही बँड, म्हणजे जेलवरचे पट्टे, येतील. दोघांची लांबी आधीच मोजून वहीत लिहा, आणि इंट्रॉनसकट डीएनएची लांबीही लिहा.

भात घ्या. गहू नको, त्यात जनुकाच्या तीन-तीन प्रती; द्राक्षाच्या पानातलं पॉलिफेनॉल आरएनए काळा करतं. मी शिराळ्याहून आणलेलं भात रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात मोड आणते आणि आठ-दहा दिवसांची कोवळी रोपं वापरते. निम्मी रोपं चार तास सायक्लोहेक्झिमाइडच्या द्रावणात ठेवा, निम्मी साध्या द्रावणात. हे औषध विषारी आहे, हातमोजे काढायचे नाहीत. ते भाषांतर, म्हणजे संदेशावरून प्रथिन बनणं, थांबवतं, त्यामुळे एरवी मोडला जाणारा लांब संदेश टिकतो. ही पायरी गाळली तर लांब बँड इतका फिका येतो की मुलं 'मॅडम, नाहीच' म्हणून मोकळी होतात.

पानं द्रव नायट्रोजनमध्ये खलताना तांदळाच्या पिठीसारखी कोरडी हिरवी पूड व्हायला हवी. वितळून गडद ओला लगदा झाला की टाकून द्या, एप्रिलच्या उन्हाळ्यात तर क्षणात होतो. जेलवर आरएनए पाहताना दोनपेक्षा जास्त बँड दिसले तर घाबरू नका; पानात हरितलवकाचाही आरआरएनए असतो. बँड रेखीव असले म्हणजे झालं, खाली धुरकट ओघळ नको.

डीनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरून प्रक्रिया करा, आणि सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनएची प्रत) करताना एका नळीत ती प्रत बनवणारं एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, घालूच नका. पहिल्या वर्षी मी ही नळी ठेवली नव्हती. वरचा ठळक बँड पाहून आनंदाने पेढे वाटले, आणि तीन आठवड्यांनी कळलं की तो इंट्रॉनसकट डीएनएच होता.

पीसीआर झाला की तो दोन टक्के ॲगरोजच्या जेलवर सावकाश चालवा. औषधाच्या रोपांत लांब बँड उठून दिसला, बिनएन्झाइमची नळी कोरी राहिली, तर दोन्ही बँड कापून सिक्वेन्सिंगला पाठवा.