मिस्सेत गुडघा टेकताना, उठता-बसताना या चुका टाळा

मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, फादरना मदत करणाऱ्या वेदीसेवकांना शिकवता शिकवता माझे केस पिकले, चुका मात्र त्याच. पहिला मान अर्धवट गुडघ्याचा. बाकाचा कोपरा धरायचा, पाय लचकल्यासारखं करायचं आणि आत सरकायचं. अरे, उजवा गुडघा जमिनीला लागू दे, क्षणभर थांब, मग ऊठ! युरोपात राजापुढे डावा टेकत. उजवा देवासाठी राखलेला.

आणि टेकायचा कोणापुढे? टॅबरनॅकलमधल्या, म्हणजे वेदीजवळच्या पवित्र कपाटातल्या, ख्रिस्तशरीरापुढे (अभिषेक केलेल्या भाकरीपुढे). ते तिथे नसेल तर वेदीला खाली वाकून वंदन पुरे.

हे मला पक्कं ठाऊक होतं. एका गुड फ्रायडेला विधीआधी सात नवी मुलं घेऊन मी मधल्या वाटेने पुढे गेलो. ख्रिस्तशरीर आदल्या रात्रीच दुसरीकडे नेलेलं, टॅबरनॅकलचं दार सताड उघडं, आत ख्रिस्तशरीर असल्याची खूण असलेला लाल दिवा विझलेला, वेदीवर कापडसुद्धा नाही. आणि मी सवयीने टेकला गुडघा. माझ्यामागे सातही जणांनी. शेवटचा पोरगा कुजबुजला, "सर, आत कुणीच नाहीये."

तेव्हापासून आधी लाल दिवा बघतो, मग गुडघा टेकतो. त्या दिवशी क्रुसाची आराधना झाल्यावर पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणविधीपर्यंत गुडघा क्रुसापुढे टेकतात, हेही तेव्हाच मुलांना नीट सांगायला लागलो.

दुसरी चूक उत्साही स्वयंसेवकांची: म्हाताऱ्या माणसांना डोळे वटारून गुडघ्यांवर बसवणं. तब्येत साथ देत नसेल, जागा नसेल तर उभं राहावं आणि भाकर आणि द्राक्षारसाच्या अभिषेकानंतर फादर गुडघा टेकतात तेव्हा खोल वाकावं. नियमातच ही सोय आहे. भारतासाठी तर रोमने (व्हॅटिकनने) १९६९ मध्येच जमिनीवर बसायला, चपला काढायला, गुडघ्याऐवजी हात जोडून खोल वाकायला परवानगी दिली. "हे आपलं नाही" म्हणत नाक मुरडणाऱ्यांना मी ते साल ऐकवतो. धडधाकट असून बाकावर बूड टेकवून गुडघ्यांवर असल्याचं सोंग करणाऱ्यांसाठी मात्र सोय नाही.

उभं राहणं म्हणजे बसची वाट बघणं नव्हे. ती पुनरुत्थानाची खूण आहे. ३२५ साली निकेआ इथल्या धर्माध्यक्षांच्या परिषदेने रविवारची प्रार्थना उभ्यानेच करायला सांगितली.

शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) वाचनाआधी कपाळ, ओठ, छाती असे तीन छोटे क्रूस. डास मारल्यासारखे नकोत.

कम्युनियन (ख्रिस्तशरीर) घेण्याआधी मान झुकवा. रांग कितीही घाईत असो.

मतांगीकारात, म्हणजे श्रद्धा जाहीर करण्याच्या प्रार्थनेत, पवित्र आत्म्याने ख्रिस्ताची देहधारणा झाल्याचे शब्द येतात तिथे वाकायचं असतं. नाताळला आणि २५ मार्चच्या सणाला (देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचा निरोप दिला तो दिवस) चक्क गुडघे टेकायचे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत मी टेकतो. गेल्या वर्षी शेजारचे गृहस्थ मोबाइलचा टॉर्च लावून माझ्याबरोबर खाली वाकले. त्यांना वाटलं, माझा चष्मा पडला.