'सिव्हिलायझेशन'चा पट मांडताना आणि त्यावर मत देताना: या चुका टाळा

फ्रान्सिस ट्रेशम यांचा 'सिव्हिलायझेशन' हा पटावरचा खेळ १९८० साली ब्रिटनमध्ये आला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत पोहोचला. भूमध्य समुद्राभोवतीचा नकाशा, त्यावर इजिप्त, बॅबिलॉन, क्रीट, थ्रेस, असिरिया यांसारख्या संस्कृती, आणि हजारो वर्षांचा प्रवास एका लांबलचक डावात. फासा नाही.

या खेळाबद्दल तीन तक्रारी हमखास ऐकू येतात. लढायांत दम नाही, डाव संपता संपत नाही, आणि आपत्तीच्या पत्त्यांपुढे डोकं चालत नाही. यातलं काही खरं आहे. पण बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्या मंडळींनी खेळलेला डाव थोडं खोदून पाहिला, की एखादा नियम उलटा वापरलेला सापडतो. खेळ चुकीचा खेळला गेला आणि दोष खेळावर गेला. म्हणून खेळण्यातल्या चुका आणि मत बनवण्यातल्या चुका इथे एकत्रच घेतो आहे.

आधी खेळ कोणता ते बघा

हे सांगावं लागतं, कारण गोंधळ खराच होतो. याच नावाचा सिड मायर यांचा संगणकावरचा खेळ १९९१चा. त्या संगणक-खेळावरून पुढे २००२ आणि २०१० साली पटावरचे दोन वेगळे खेळ निघाले. शिवाय ट्रेशम यांच्या खेळाची वाढवलेली 'अ‍ॅडव्हान्स्ड सिव्हिलायझेशन' ही आवृत्तीही १९९१चीच, आणि २०१५ साली १८ जणांपर्यंत खेळता येणारा 'मेगा सिव्हिलायझेशन' आला. नियम समजावणारा व्हिडिओ एकाचा आणि खोका दुसऱ्याचा, असं झालं की पहिला तास वाया गेलाच म्हणून समजा. मूळ खेळात प्रगतीच्या पट्टीचा, म्हणजे पाषाण, कांस्य, लोह अशा युगांतून पुढे जाणाऱ्या मार्गाचा, शेवट गाठायचा असतो, 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये शेवटी गुणांची बेरीज होते. एवढ्या एका फरकाने शेवटच्या तासातले निर्णय बदलतात.

दोन रंग भेटले की लढाई, हा समज

सगळ्यात जास्त डाव इथे बिघडतात. एका प्रांतात दोघांची टोकन, म्हणजे लोकसंख्या दाखवणारे पुठ्ठ्याचे तुकडे, आली म्हणून लढाई होत नाही. प्रत्येक प्रांतावर लोकसंख्येची मर्यादा छापलेली असते. दोघांची मिळून संख्या त्या मर्यादेत बसत असेल, तर दोघंही सुखाने नांदतात. मर्यादा ओलांडली तरच संघर्ष.

तो संघर्षही जरा नीट बघा. मर्यादा ३ असलेल्या प्रांतात तुमची ३ टोकन आहेत आणि माझी २. एकूण ५, म्हणजे लढाई आली. ज्याची कमी, त्याने आधी काढायचं. माझं एक गेलं, राहिले ३ आणि १. आता तुमचं एक गेलं, राहिले २ आणि १. बेरीज ३ झाली, मर्यादेत बसली, लढाई थांबली. दोघंही त्याच प्रांतात राहिले. बरेच गट इथे 'मोठा जिंकला, छोटा साफ' असं करून मोकळे होतात. मग पटावर सतत हाणामारी होते, दुबळा भिडू दुसऱ्या तासालाच संपतो, आणि 'यापेक्षा साधा युद्धखेळ बरा' असा निकाल लागतो.

शहरावर चाल करायची तर किमान ७ टोकन लागतात, आणि शहर ६ टोकनांच्या ताकदीने लढतं. एकेक काढत ही लढत शेवटपर्यंत गेली तर हल्लेखोराकडे २ उरतात. पाच टोकनांची किंमत देऊन शेजाऱ्याचं शहर पाडायचं, तेही ज्याच्याशी थोड्याच वेळात व्यापार करायचा आहे त्याचं! लढाई महाग असावी, हीच या खेळाची रचना आहे. ती फुसकी वाटते, कारण ती फायद्याची नाही.

मर्यादेबद्दल आणखी एक. जादा लोकसंख्या काढण्याचा टप्पा शहरं बांधून झाल्यावर येतो. तो हालचाल संपताच घेतला तर शहराला लागणारी टोकन कुठे जमणारच नाहीत. नकाशावर खूण असलेल्या जागी शहराला ६ टोकन लागतात, इतरत्र १२.

साठ्याकडे दुर्लक्ष

टोकन तीन ठिकाणी असतात: पटावर, खजिन्यात आणि साठ्यात. टोकन तीच, फक्त जागा बदलते. पटावर ती माणसं, खजिन्यात ती पैसा, आणि साठ्यात असताना ती अजून जन्माला न आलेली पिढी. हा खेळ समजणं म्हणजे हे चक्र समजणं, असं माझं ठाम मत आहे. ट्रेशम यांनी एवढ्याशा पुठ्ठ्याच्या तुकड्यांतून लोकसंख्या आणि करव्यवस्था एकमेकांना बांधली, ते पाहून मला आजही त्यांचं कौतुक वाटतं.

फेरीच्या सुरुवातीला प्रत्येक शहरामागे २ टोकन साठ्यातून खजिन्यात जातात. हा कर. शिवाय प्रत्येक शहराला पोसायला पटावर २ टोकन असावी लागतात. म्हणजे ८ शहरं असतील तर करासाठी १६ आणि पोसायला १६. साठ्यात कराएवढी टोकन नसतील, तर शहरं बंड करतात आणि ज्याच्या साठ्यात सर्वाधिक टोकन आहेत त्याच्याकडे जातात.

नवखा भिडू दोन्हीपैकी एका टोकाला जातो. एक तर पट माणसांनी भरून टाकतो आणि साठा रिकामा करतो. किंवा प्रगतीच्या कार्डांच्या मोठ्या खरेदीसाठी खजिन्यात टोकन साचवत बसतो. खर्च केल्याशिवाय ती साठ्यात परतत नाहीत, आणि परतली नाहीत तर लोकसंख्या वाढायला काही उरत नाही. दोन्ही वाटा बंडाकडेच जातात. उपाय सोपा आहे: शहर बांधण्याआधी 'पुढच्या फेरीला माझ्याकडे किती शहरं असतील' ते मनात धरून त्याची दुप्पट साठ्यात उरेल का, ते मोजा. बांधताना ६ टोकन साठ्यात परततात, ती धरूनच मोजा. नाण्यांचं कार्ड, म्हणजे 'कॉइनेज', घेतलं की कराचा दर १ ते ३ मध्ये बदलता येतो. साठा आटला असेल त्या फेरीला दर खाली आणा.

बंडात शहर गेलं की लोक नशिबाला बोल लावतात. त्यात नशीब शून्य आहे.

बसलेल्या क्रमाने चाल देणं

छोटी चूक, परिणाम मोठा. चालींचा क्रम शिरगणतीने ठरतो: ज्याची लोकसंख्या जास्त तो आधी हलतो. आधी हलणं इथे तोट्याचं, कारण मागचे सगळे तुमची मांडणी पाहून हलतात. पुढे असलेल्याला लगाम घालायची ही सोय घड्याळाच्या दिशेने खेळलात तर नाहीशी होते.

बाजार शांतपणे भरवणं

जेवढी शहरं, मालाच्या पत्त्यांच्या तेवढ्या गठ्ठ्यांतून एकेक पत्ता. आपत्तीचे पत्तेही यांतच मिसळलेले असतात. एकाच मालाचे पत्ते जमवले की किंमत वर्गाने वाढते: पत्त्यांच्या संख्येचा वर्ग गुणिले मालाचं मूल्य. मिठाचं मूल्य ३. तीन पत्ते असतील तर २७, चार असतील तर ४८, पाच असतील तर ७५. आता बघा, तुमच्या हातात मिठाचे तीन पत्ते आणि सोन्याचा एक आहे. एकट्या सोन्याची किंमत ९. चौथं मीठ मिळालं तर तुमचे २१ वाढतात. तरी नवखे लोक सोनं घट्ट धरून बसतात, कारण ते सोनं आहे! मोठा आकडा पाहून पत्ता राखू नका. समोरच्याकडे कशाची जोडी जमते आहे, त्याचा अंदाज घ्या.

सौद्यात दोन्ही बाजूंनी किमान तीन पत्ते द्यावे लागतात. त्यांच्याबद्दल काही भाग खरा सांगावाच लागतो, उरलेल्यात खोटं चालतं. या उरलेल्या पत्त्यातूनच आपत्ती सरकवल्या जातात. काही आपत्ती देता येतात, काही ज्याने उचलल्या त्याच्याच गळ्यात राहतात. डाव सुरू होण्याआधी हे दोन नियम तुमच्या आवृत्तीच्या पुस्तिकेतून मोठ्याने वाचा. नंतरची भांडणं याच मुद्द्यावर होतात, आणि पंचाची भूमिका घेणाऱ्याला इथे स्पष्ट असावं लागतं. जो भाग खरा सांगणं बंधनकारक आहे त्यात खोटं बोलणं म्हणजे फसवणूक, तो सौदा परत फिरवा. बाकीच्या पत्त्यांबद्दल थाप मारणं हा खेळ आहे. 'पुढच्या फेरीत तुझ्यावर येणार नाही' हे वचन मोडलं तर पंचाने त्यात पडू नये.

व्यापार एकेकाच्या पाळीने घेऊ नका. सगळ्यांनी एकाच वेळी बोलायचं, ओरडायचं, आणि घड्याळ लावून पाच मिनिटांत आवरायचं. 'डाव संपत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथे असतं. एकाने प्रत्येक टप्पा नावाने पुकारला, तरी बराच वेळ वाचतो.

पट्टीवर एक पाऊल चुकलं तर काय, असं म्हणणं

कांस्ययुगाच्या सुरुवातीला पाऊल टाकायला २ शहरं लागतात, पुढच्या टप्प्याला ३, आणि मग कार्डांच्या अटीही येतात. अट पुरी नसेल तर तुमची खूण जागीच थांबते, आणि थांबलेलं पाऊल भरून काढायची सोय जवळपास नाही. इजिप्त आणि बॅबिलॉनला ही अट इतरांपेक्षा लवकर गाठावी लागते. सुपीक जमीन मिळाली म्हणून सोपी बाजू समजून ती नवख्याला देऊ नका.

मत देण्याच्या घाईत

तीन भिडूंचा डाव खेळून व्यापार नीरस आहे असं लिहू नका. तिघांत कुणाकडे काय आहे ते सहज कळतं, बाजार भरतच नाही. पाच ते सात जण हवेत. तसंच डाव अर्ध्यात गुंडाळून मत बनवू नका. सुरुवातीला शहरं दोन-तीन, पत्तेही दोन-तीन. मीठ, धान्य, कापड, मसाले यांची खरी घासाघीस पुढेच सुरू होते. पूर्वार्ध संथ आहे, हे मात्र मान्य करावं लागेल, आणि ज्यांना सहा-आठ तास देता येत नाहीत त्यांना हा खेळ सुचवू नये.

इतिहासाच्या बाजूने परीक्षण करताना 'सिंधू खोरं कुठे, चीन कुठे' असं विचारलं जातं. नकाशा भूमध्य जगाचा आहे, तेव्हा ती अपेक्षा गैरलागू. खेळ जे सांगतो ते खरं आहे का, हे तपासा. प्रतिस्पर्ध्यांना एकमेकांच्या मालावाचून चालत नाही, हे तो सांगतो. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे १९८२ साली सापडलेल्या, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातल्या जहाजात सुमारे १० टन तांबं आणि सुमारे १ टन कथील होतं. कांसं बनवायला लागणारे हे दोन धातू वेगवेगळ्या ठिकाणांहून यायचे. त्या जगाचं हे अंग खेळाने अचूक पकडलं आहे.

टीका करायची तर पट्टीवर करा. ती पाषाण, कांस्य, लोह अशी एकाच सरळ रेषेत जाते. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला अनेक ठिकाणी कांस्ययुग आलंच नाही, दगडानंतर थेट लोखंड आलं. शिवाय एकदा घेतलेलं साक्षरतेचं कार्ड कधी हातचं जात नाही. ग्रीसमध्ये मात्र इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमारास राजवाडे कोसळले, त्यांच्याबरोबर 'लिनिअर बी' लिपी गेली आणि काही शतकं तिथे लेखनच राहिलं नाही. हा आक्षेप खेळ उत्तम खेळूनही टिकतो, म्हणून तो वजनदार आहे.

मत लिहिताना आवृत्ती कोणती, भिडू किती, डाव पूर्ण झाला की नाही, हे नोंदवा. आणि जिंकणाऱ्याऐवजी शेवटी राहिलेल्याला विचारा की शेवटच्या तासात तो काय करत होता. नियम बरोबर लावले असतील तर तोही मीठ गोळा करत, एखाद्या आपत्तीला गिऱ्हाईक शोधत बसलेला असतो, कारण या खेळातून कुणाला सहसा बाहेर पडावं लागत नाही. तो तासभर नुसता बघत बसला होता असं कळलं, तर परीक्षण लिहिण्याआधी संघर्षाचा आणि कराचा नियम पुन्हा काढून वाचा.