अंगावरचा गोचीड दिसतो, कोठ्यातला दिसत नाही: जागलीच्या कुत्र्यासाठी पावसाळी सल्ला

पेरण्या आटोपल्या, सोयाबीन-कपाशीत डवरणी लागली की नागपूर भागात गोचीड आणि पिसवांचाही हंगाम सुरू होतो. ४५ अंशांच्या उन्हात उघड्यावरची अंडी बरीचशी वाळून जातात, पण कोठ्याच्या (गोठ्याच्या) भेगांत आणि कुडामागच्या गारव्यात उरलेली टिकतात. हवेत ओल आली की तीच वर निघतात. बैलाच्या अंगावरचा गोचीड आपल्याला लगेच दिसतो. रानडुकरांमागे रात्रभर वावरात धावणारं जागलीचं, म्हणजे राखणीचं, कुत्रं मात्र भाकर सोडून पडून राहिलं की मगच त्याच्याकडे पाहिलं जातं.

कुत्र्याला धरणारा तपकिरी गोचीड आणि गुरांवरचा गोचीड या वेगळ्या जाती आहेत. गुरांवरचा नेहमीचा गोचीड पिल्लाचा मोठा होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो. कुत्र्यावरचा रक्त पितो, गळून पडतो, फटीत कात टाकतो आणि पुन्हा चढतो. मोठी मादी एरंडीच्या बीसारखी टम्म फुगली की खाली उतरते, भिंतीवर सरकत जाते आणि छपराच्या सांध्यात हजारो अंडी घालते. पिसवांचंही असंच: अंगावर सापडतात त्या थोड्या, बाकी अंडी, अळ्या आणि कोष बारदान्यात, मातीत. म्हणून कुत्र्याला एकदा औषधाने धुतलं, आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. औषध खोटं नसतं. जागा तशीच राहिलेली असते.

तेव्हा आधी जागा. कुत्र्याखालचं पोतं आठवड्याला उकळत्या पाण्यात घाला, फाटकं असेल तर जाळून टाका. कुत्र्याची बसायची जागा कुटाराच्या ढिगापासून लांब ठेवा. भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा आणि चुना मारताना खालच्या हातभर पट्ट्यावर न थांबता वर वाशांपर्यंत जा. फ्लेम गनने फटी भाजून काढायची पद्धत चांगली आहे, पण पक्क्या भिंतीलाच. पऱ्हाटीचा कूड किंवा गवताचं छप्पर असेल तिथे तिचं नावही काढू नका. भिंतीवर फवारायचं औषध पशुवैद्यकाला विचारूनच आणा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून तोवर पिल्लं निघालेली असतात. फवारा सुकेपर्यंत कुत्रं, मांजर, कोंबड्या आत सोडू नका.

कपाशीवर मारून पंपात उरलेलं औषध कुत्र्याच्या अंगावर ओतायचं नाही. हे पुन्हा लिहावं लागतं, कारण अजूनही होतं. क्लोरपायरीफॉससारखं औषध कातडीतून शिरतं, शिवाय कुत्रं अंग चाटतं. तोंडाला फेस, लाळ, हातपाय थरथरणं, पातळ संडास अशी लक्षणं दिसली की भरपूर पाण्याने अंग धुवा आणि डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. जळालेलं ऑइल आणि घासलेट हे उपाय नव्हेत. गुरांसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शनही कुत्र्याला आपल्या मनाने टोचू नका.

रोज संध्याकाळी जागलीला निघण्याआधी कान उलटून पाहा, पट्ट्याखाली बोट फिरवा, पंजाच्या बोटांमध्ये बघा. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीला लागून धरा, सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. नखाने फोडू नका. मानेवर टाकायचे थेंब साधारण महिनाभर पुरतात, पण त्याच्या दोन दिवस आधी-नंतर अंघोळ नको. पावसात भिजणाऱ्या कुत्र्याला माझ्या मते चघळायची गोळी सोयीची. काही गोळ्या महिनाभर चालतात, काही जवळपास तीन महिने. मात्रा वजनावर ठरते.

पोटातल्या जंतांचं थोडं वेगळं आहे. पिल्लाला जंत आईच्या पोटातूनच मिळतात, म्हणून पहिला डोस दोन आठवड्यांचं असतानाच द्यायचा. मग दर पंधरवड्याला दोन महिन्यांपर्यंत, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी. शेपटीखाली तांदळाच्या कण्या चिकटलेल्या दिसल्या तर तो पट्टकृमी; तो पिसू गिळल्याने होतो, म्हणजे पिसवा राहिल्या तर नुसती गोळी देऊन भागत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते, रोगराई घेऊन जा म्हणून आरोळ्या उठतात. गोचीड काही तिच्यासोबत जात नाही. त्याच दिवशी गावोगावी कर नावाचा सण असतो, बोकड कापले जातात आणि काळीज-फुप्फुसाचे टाकाऊ तुकडे कुत्र्यापुढे पडतात. त्यात पाण्याने भरलेल्या पिशव्या दिसल्या तर त्या जंताच्या आहेत. कुत्र्याने त्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी वाढतात, अंडी विष्ठेतून भाजीपाल्यावर येतात आणि माणसाच्या यकृतात तशाच गाठी धरतात. कच्चे तुकडे टाकू नका, कुत्रं उकरणार नाही इतके खोल पुरा.

धान्याच्या कोठीत उंदरांसाठी मांजर पाळलं असेल तर त्याला कुत्र्याचं औषध कधीच नको. कुत्र्याच्या काही औषधांत असलेलं परमेथ्रिन मांजराच्या यकृताला पचत नाही, थोड्यानेही जीव जाऊ शकतो. मांजरासाठी वेगळं औषध मिळतं, तेच मागा.

नाकातून रक्त, पांढऱ्या हिरड्या, कॉफीच्या रंगाची लघवी किंवा दोन दिवस न उतरणारा ताप असेल तर गोचिडाने रक्तात रोग सोडला असं समजून चाला. हा आजार गोळीच्या अंदाजाने नव्हे, रक्ताच्या तपासणीने ओळखला जातो. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना, 1962 या फोन क्रमांकावरची फिरती सेवा, नाहीतर सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, जे जवळ असेल तिथे न्या. जाताना आधी काय लावलं, काय पाजलं ते लपवू नका. डॉक्टरांनी पुढचं औषध निवडताना त्यांना तेच आधी कळायला हवं.