अभियांत्रिकीच्या मुलांना उद्योजकता शिकवताना या चुका टाळा

पहिली चूक माझीच. नागपुरातल्या एका कॉलेजात मी उद्योजकतेचा तास घेतो. तिसऱ्या वर्षाच्या एका गटानं कूलरमधलं पाणी संपत आलं की मोबाइलवर कळवणारं यंत्र केलं. सर्किट नेटकं, पीपीटी चकाचक. मी भरभरून मार्क दिले. मे महिन्यात मुलं ते घेऊन सीताबर्डीतल्या एका कूलरवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "बेटा, पाणी संपलं का कूलर गरम हवा फेकते, घरच्यांना तसंच समजते. मोबाइल सांगन, पण पाणी त तुलेच टाका लागते नं!" शिवाय त्याची खरेदी फेब्रुवारीतच आटोपली होती.

आता माझा नियम असा: दहा गिऱ्हाइकांना भेटल्याशिवाय एकही पार्ट आणायचा नाही. भेटल्यावर "हे घ्याल का?" असं विचारायचं नाही. पोरांचं मन कशाला मोडायचं म्हणून लोक हो म्हणतात आणि तो होकार पीपीटीत 'बाजारपेठेचा अभ्यास' होऊन बसतो. "मागच्या उन्हाळ्यात कूलरवर कशाकशाचा खर्च आला?" असं विचारलं, तर बोअरच्या जड पाण्यानं ताट्यांवर (कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्यांवर) चढणारा क्षार, जळालेला पंप, मिस्त्रीची वाट पाहणं, सगळं बाहेर येतं. यातलं काहीच मुलांच्या डोक्यात नव्हतं.

वेळापत्रकही बाजाराचं हवं. कूलरचं काम जुलैत सुरू करा, म्हणजे जानेवारीत दुकानदाराच्या हातात नमुना देता येतो. संत्र्याच्या प्रतवारीचं यंत्र करणाऱ्यांनी अंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यात येणारं संत्र्याचं पीक, उतरतो तेव्हा, नोव्हेंबर-डिसेंबरात, नागपूरच्या कळमना बाजारात पहाटे उभं राहावं. परीक्षा मध्ये येतात, हे खरं. त्यावर माझ्याकडे चांगला उपाय नाही. विभागप्रमुखांशी भांडावं लागतं.

हिशेबात मुलं हमखास फसतात. त्या यंत्राचे पार्ट ४२० रुपयांचे, किंमत ठरवली ६००. दुकानदारानं १५० कमिशन मागितलं. उरले ३०, त्यात पॅकिंग, ऑटोभाडं आणि बिघडलेला नग बदलून देणं. मुलांनी स्वतःची मजुरी तर धरलीच नव्हती.

कंपनी काढायची घाईही नको. प्रायव्हेट लिमिटेड नोंदवली की एका रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट करून विवरणपत्रं भरावी लागतात. सुरुवातीला एकाच्या नावावर मालकी हक्काचा धंदा पुरतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते.

आणि कल्पना खरोखर नवी असेल, तर पेटंटचा तात्पुरता अर्ज प्रदर्शनाच्या आधी करा. आधी जगजाहीर केली की नावीन्य गेलं असं धरलं जाऊ शकतं. पूर्ण तपशील द्यायला अर्जापासून १२ महिने मिळतात.