वाळवी की भुंगा? औषध आणण्याआधी ओळखा

जुन्या घरांत सागवानी चौकट पोखरलेली दिसली की लगेच जमिनीत औषध सोडलं जातं. चौकटीत भुंगा असेल, तर तो खर्च अक्षरशः मातीत जातो. वाळवी मातीतून वर येते. भुंग्याची अळी लाकडातच जन्मते आणि तिथेच वाढते.

आधी चौकट स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. पोकळ आवाज, आत मातीचा लेप, भोक मात्र कुठेच नाही, भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची नळी: ही वाळवी. नळीचा पाच सेंमी तुकडा मोडा. दोन-तीन दिवसांत नळी पुन्हा सांधली, तर वसाहत जिवंत आहे. सांधली नाही तरी निर्धास्त होऊ नका, वाळवी वाट बदलते.

एक-दोन मिमीची गोल भोकं आणि खाली मैद्यासारखं पीठ दिसलं, तर भुंगा. जुन्या भोकांतूनही दार आपटलं की पीठ पडतं. त्यामुळे भोकं ब्रशने साफ करा, खडूने खुणा करा आणि खाली काळा कागद ठेवून दोन आठवडे थांबा. नवं भोक दिसलं तरच कीड जिवंत समजा. ही परीक्षा उन्हाळ्यात घ्यावी, थंडीत फसगत होते.

भुंग्याच्या अळीला सेल्युलोज पचत नाही, तिला स्टार्च लागतो. म्हणून सागाचा कडेचा पांढरा भाग जातो, गाभा टिकतो. आंब्याच्या फळीत असा टिकाऊ गाभा नसतो, ती आरपार पोखरली जाते.

भुंग्यासाठी दहा लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. पॉलिश पूर्ण खरवडल्याशिवाय हे द्रावण आत मुरत नाही, सगळे इथेच चुकतात. दोन-तीन हात द्या, वाळू द्या, मगच पॉलिश करा. पॉलिशने बंद झालेल्या रंध्रांत मादीला अंडी घालता येत नाहीत. पावसात भिजणाऱ्या लाकडातून बोरॅक्स धुऊन जातं, तेव्हा हा उपाय घरातल्या लाकडापुरताच.

वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यात ३० सेंमी अंतरावर १२ मिमीची भोकं पाडून इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक (३०.५ एससी, म्हणजे पाण्यात मिसळायचं ३०.५ टक्क्यांचं द्रव औषध) लिटरभर पाण्यामागे २.१ मिली या प्रमाणात, भोकात मुरेल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर सोडतात. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर हे काम परवानाधारकाकडूनच करून घ्या. चौकटीचा पाय ओल्या मातीला टेकलेला असेल, तर आधी तो तोडून खाली दगड बसवा.