दात किडू नयेत म्हणून दिवसभराच्या खाण्याची आखणी कशी करावी

साखर स्वतः दात खात नाही. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातले जिवाणू ती खातात आणि काही मिनिटांतच आम्ल सोडतात, मुख्यतः लॅक्टिक आम्ल. एरवी तोंडाचा सामू, म्हणजे पीएच (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त), ७ च्या आसपास असतो. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. हिरड्या सरकून मूळ उघडं पडलं असेल, तर तिथे ६ च्या वरच झीज सुरू होते. उतारवयात दात मुळाशी किडतात ते बरेचदा यामुळेच.

यानंतर लाळ कामाला लागते. ती आम्ल निवळवते आणि खनिजं परत भरते. याला साधारण अर्धा ते एक तास लागतो, लाळ कमी असेल तर त्याहून जास्त. सगळी मेख इथेच आहे. दोन चमचे साखरेचा चहा पाच मिनिटांत संपवला, तर दातांवर एक हल्ला होतो. तोच कप टेबलावर ठेवून दोन तास घोट घोट घेतला, तर प्रत्येक घोटाला सामू पुन्हा खाली जातो आणि लाळेला दुरुस्तीची संधीच मिळत नाही. साखर तेवढीच, नुकसान मात्र कितीतरी जास्त.

म्हणून आधी मोजा. तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहा. पाणी सोडून सगळं. खोकल्याची गोळी, औषधाचं सिरप, स्वयंपाक करताना चाखलेलं, गाडीत चघळलेली गोळी हे लोक हमखास विसरतात. मग साखर, शिजवलेला स्टार्च किंवा आंबट पदार्थ असलेल्या प्रत्येक नोंदीवर खूण करा. दिवसाला चारपर्यंत खुणा असतील तर ठीक. आठ-दहा असतील तर गोड पूर्ण बंद करण्याआधी त्या खुणा एकत्र आणा. दुपारी चारला खायचं चॉकलेट जेवणाबरोबरच खा. जेवताना लाळ भरपूर सुटलेली असते, आणि हल्ला तसाही सुरू झालेलाच असतो.

स्टार्चबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो. चॉकलेट विरघळून गिळलं जातं. वेफर्स किंवा बिस्किटाचा लगदा दाढेच्या खळग्यात दडपून बसतो. तिथली फट कित्येकदा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असते. लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य त्या पिठाची साखर करत राहतं आणि जिवाणूंची सोय होते. मनुका, खजूर, मध हे ‘नैसर्गिक’ असले तरी जिवाणूंना फरक पडत नाही. अख्खं फळ बरं, कारण चावताना लाळ सुटते. त्याचा रस काढला की साखर मोकळी होते.

पाकिटावर ‘साखर नाही’ लिहिलेलं असलं तरी घटकांची यादी वाचा. ग्लुकोज, फ्रुक्टोज, माल्टोज, माल्टोडेक्स्ट्रीन, कॉर्न सिरप, फळांच्या रसाचा अर्क यांतलं काही असेल, तर दातांच्या दृष्टीने ती साखरच. अंदाजासाठी ४ ग्रॅम म्हणजे एक चहाचा चमचा धरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार मुक्त साखर (वरून घातलेली, तसंच मध आणि फळांच्या रसातली) रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत असावी. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम येते.

आम्लाची गोष्ट वेगळी आहे. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ च्या आसपास, कोलाचाही जवळपास तेवढाच. ही आम्लं जिवाणूंची वाट न पाहता एनॅमल थेट विरघळवतात. ही कीड नव्हे, झीज. दात पिवळसर आणि गुळगुळीत होतात, कडा पातळ पडतात, थंड लागलं की कळ येते. बिनसाखरेचं शीतपेयही इथे निर्दोष नाही. दही आंबट असलं तरी त्यातल्या कॅल्शियम-फॉस्फेटमुळे ते एनॅमलला सहसा त्रास देत नाही.

आंबट पेय घ्यायचंच असेल तर जेवणाबरोबर, थंड, स्ट्रॉने आणि एका बैठकीत घ्या. तोंडात खेळवू नका. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा, लगेच ब्रश करू नका. आम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग ब्रशने घासून निघतो. किमान अर्धा तास थांबा, एक तास उत्तम. नाश्त्यात फळांचा रस असेल तर ब्रश नाश्त्याआधीच उरका.

रात्री झोपेत लाळ जवळपास थांबते, त्यामुळे शेवटचा ब्रश झाला की फक्त पाणी. टूथपेस्टवर फ्लोराइडचं प्रमाण बघा. मोठ्यांसाठी १००० पीपीएमहून कमी नको, १४५० च्या आसपास चांगलं. घासून झाल्यावर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वयाला वाटाण्याएवढी. दुधाची किंवा रसाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपवू नये. अशा मुलांचे वरचे पुढचे दात आधी किडतात; खालचे जिभेखाली झाकलेले असल्याने बरेचदा वाचतात. रात्रीचं गोड औषध ब्रशनंतर नको, आधी द्या.

दोन जेवणांच्या मध्ये तोंड चाळवायचंच असेल तर चीज, दाणे किंवा बिनसाखरेचं च्युइंगगम चालेल. गम वीस मिनिटं चघळलं की लाळ वाढते. ॲलर्जी, रक्तदाब किंवा नैराश्यावरच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. अशांनी खुणांचा हिशेब जास्त कडक ठेवावा आणि डॉक्टरांना तसं सांगावं.

महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहा, ओठ उचला आणि दात टिशूने कोरडे करा. हिरडीलगत खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ दिसली, तर तिथली खनिजं निघून चालली आहेत. पृष्ठभाग अजून सलग असेल तर आहार आणि फ्लोराइड यांनी ही अवस्था थांबू शकते. टोकदार काहीतरी लावून ती जागा तपासू नका, वरचा पातळ पापुद्रा फुटतो. खड्डा पडला असेल तर तो भरूनच घ्यावा लागतो.